पिवळ्या दिव्याचे म्हणणे

तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात आमची गाडी कठड्याला जाऊन धडकली. पाऊस होता, पण फार नव्हता. वेग चाळीसच्या आसपास असेल. एका वळणानंतर रस्त्याच्या मधोमध गाय उभी दिसली. मी ब्रेक पूर्ण दाबला आणि स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवले. गाडी वळली नाही. ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेला, चाके फरफटवत, सरळ दरीच्या बाजूच्या कठड्याकडे गेली. कठडा जुन्या दगडी बांधणीचा होता, म्हणून हा लेख लिहायला मी आहे. शेजारी बसलेल्या पत्नीचे मनगट मोडले. गाय जागची हललीही नाही.

प्लास्टर घालून घरी आल्यावर पत्नीने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही स्टिअरिंग वळवलंत हे मी पाहिलं. मग गाडी का नाही वळली?"

कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवले. घर्षणाचा धडा तर तोंडपाठ. त्यामुळे अर्ध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते: पुढची चाके जाम झाली होती आणि जाम झालेले चाक गाडीला वळवू शकत नाही. पण आमच्या गाडीला एबीएस होते. चाके जाम होऊ नयेत याच एका कामासाठी ती यंत्रणा बसवलेली असते. मग ती त्या दिवशी कुठे होती?

उरलेले उत्तर चिपळूणच्या मेस्त्रींनी दिले. त्यांनी मला ड्रायव्हरच्या जागी बसवले आणि म्हणाले, "काका, चावी फिरवा, पण गाडी चालू करू नका. आता मीटरवर काय काय लागलं ते वाचून दाखवा." मी वाचले. ऑइलचा दिवा, बॅटरीचा, इंजिनाचा, हँडब्रेकचा. "आणि एबीएसचा?" तो लागला नव्हता. त्यांनी मीटर सोडवून उघडले. आत दिव्याच्या जागेवर काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा होता. तो काढल्यावर पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. स्कॅनर जोडल्यावर कळले की पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर तुटलेली होती. किती दिवसांपासून, हे सांगायला कोणी नव्हते. गाडी आम्ही आठ महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून घेतली होती. कागदपत्रे चोख, रंग चकचकीत. पट्टी कोणी लावली याचा शोध आता लागणार नाही. मला लागलेली बोच वेगळी आहे. आठ महिने रोज मी चावी फिरवत होतो आणि समोरच्या पाटीवर एक दिवा कमी लागतो आहे, हे एकदाही पाहिले नव्हते.

त्या दिव्याचा अर्थ नीट समजून घ्यावा म्हणून त्यानंतर जे वाचले, मेस्त्रींकडे बसून जे पाहिले, ते येथे मांडतो आहे.

चाक थांबते, गाडी थांबत नाही

रस्त्यावर फिरणाऱ्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणापुरता जमिनीच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो. गाडी धावते, चाक फिरते, पण टेकलेला तळहाताएवढा रबराचा तुकडा रस्त्याला धरून असतो. या पकडीवरच सगळा कारभार चालतो. गाडी पुढे जाते ती पकडीवर, वळते ती पकडीवर आणि थांबते तीही पकडीवर. ब्रेक म्हणून आपण जे दाबतो ते फक्त चाकाला थांबवते. गाडीला रस्ता थांबवतो.

ब्रेक हळू दाबला की चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा किंचित कमी होतो. या फरकाला घसर म्हणू. चाक मोकळे फिरत असेल तर घसर शून्य टक्के, पूर्ण जाम झाले तर शंभर टक्के. गंमत अशी, की पकड सर्वांत घट्ट असते ती या दोन टोकांवर नाही. कोरड्या वा ओल्या डांबरी रस्त्यावर ती साधारण दहा ते वीस टक्के घसर असताना असते. त्यापुढे चाक जसजसे जाम होऊ लागते तसतशी पकड ढिली पडते. ओल्या रस्त्यावर ही घसरण अधिक असते.

यातला खरा धोका थांबण्याच्या अंतराइतकाच वळण्याचा आहे. रबराची पकड ही एकच पुंजी असते आणि ती थांबणे व वळणे या दोन खर्चांत वाटायची असते. चाक पूर्ण जाम झाले की सगळी पुंजी मागे ओढण्यातच संपते आणि आडव्या दिशेने चाकाला काही धरबंध उरत नाही. पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मागची आधी जाम झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते. पत्नीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच: स्टिअरिंगने चाके वळली होती, पण ती फिरत नव्हती, म्हणून गाडी वळली नाही.

थोडे आकडे पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. चांगल्या कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत गाडी सुमारे २० मीटर जाते. ओल्या रस्त्यावर तो ०.५ झाला तर सुमारे २८ मीटर. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी जवळपास १७ मीटरची भर. आपण साठाने जात असताना वीस मीटरवर गाय दिसली, तर जगातली कोणतीही यंत्रणा गाडीला गायीच्या आधी थांबवू शकत नाही. उरतो तो एकच उपाय, बाजूने काढणे. आणि तो चाके फिरत असतील तरच उरतो.

जुने ड्रायव्हर हे अनुभवाने जाणत. ओल्या रस्त्यावर ते ब्रेक एकदम दाबून धरत नसत. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. चाक जाम होते आहे असे वाटले की पाय उचलायचा. पण संकटाच्या क्षणी माणसाचा पाय हे गणित करत नाही, तो सगळ्या ताकदीने दाबतो. शिवाय पाय एक आणि चाके चार. कोणते चाक वाळूवर आहे, कोणते डांबरावर, हे पायाला कळत नाही.

विमानतळावरून रस्त्यावर

हा प्रश्न आधी भेडसावला तो विमानांना. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचे चाक जाम झाले तर काही क्षणांत टायर झिजून फुटतो. फ्रान्समध्ये गाब्रिएल व्हॉइसां या विमान आणि मोटारनिर्मात्याने १९२० च्या दशकात जडचक्राचा उपयोग करून ब्रेकचा दाब आपोआप कमी करण्याचे प्रयोग केले. पुढे ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीने मॅक्सारेट नावाची यंत्रणा तयार केली आणि १९५० च्या दशकात ती विमानांत रूढ झाली. तिची युक्ती सोपी होती. चाकाबरोबर एक लहान जडचक्र फिरत ठेवायचे. चाक एकाएकी मंदावले तर जडचक्र आपल्या जडत्वामुळे पुढे धावते आणि दोघांतील हा फरक एक झडप उघडून ब्रेकचा दाब कमी करतो. विजेचा, गणकाचा संबंध नाही.

१९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हेच मॅक्सारेट एका मोटारसायकलवर बसवून पाहिले. ती मोटारसायकल होती रॉयल एनफील्डची सुपर मीटिअर. चाचण्यांत यंत्रणेने काम दिले, तरी ती बाजारात आली नाही. मोटारीत मॅक्सारेट आले ते १९६६ मध्ये, जेन्सन एफएफ या महागड्या ब्रिटिश गाडीत. अशा गाड्या जेमतेम ३२० बनल्या.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची वाट बरीच लांबली. जर्मनीत डाइमलर-बेन्झने १९७० मध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखवले, पण त्या काळातले सुटे इलेक्ट्रॉनिक भाग गाडीतले हादरे, उष्णता आणि ओल यांना पुरेसे टिकत नव्हते. एकात्म मंडले, म्हणजे चिप्स, आल्यावर हा अडसर गेला. बॉश कंपनीच्या यंत्रणेसह १९७८ मध्ये ती मर्सिडीझच्या एस-क्लास गाड्यांत विकत मिळू लागली. 'आंटीब्लॉकिअरसिस्टेम' या जर्मन शब्दाची आद्याक्षरे एबीएस. इंग्रजीतही तीच जुळली, म्हणून नाव जगभर चालले. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० मोटारसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस आले.

आपल्याकडे ही यंत्रणा बरीच वर्षे गाडीच्या वरच्या, महाग प्रकारातच मिळत असे. भारतीय मोटारसायकलवर ती २०११ मध्ये टीव्हीएसच्या अपाची आरटीआर १८० ला आली. पुढे कायद्याने चित्र बदलले. १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या दुचाकींच्या नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या मॉडेलांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. प्रवासी मोटारींनाही त्याच सुमारास ते लागू झाले. पुण्याजवळ चाकणला हे एबीएस बनते. रेल्वेतही याच तत्त्वाची यंत्रणा आहे. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांना लागलेल्या एलएचबी डब्यांत प्रत्येक आसाच्या वेगावर लक्ष ठेवून चाक घसरू लागताच ब्रेक सैल करणारी व्यवस्था असते. ती नसेल किंवा बिघडली, तर चाक रुळावर घासून त्याला सपाट डाग पडतो आणि मग प्रवासभर खालून ठोके ऐकू येतात.

दाते मोजणारा पहारेकरी

एबीएसचे तीन भाग: चाकांवरचे सेन्सर, दाब कमी-जास्त करणारा झडपांचा ठोकळा आणि या दोघांमध्ये बसलेला नियंत्रक.

प्रत्येक चाकाच्या हबजवळ एक दातेरी चकती चाकाबरोबर फिरते. तिच्या समोर, जेमतेम एखाद्या मिलिमीटरच्या अंतरावर, सेन्सर बसवलेला असतो. जुन्या प्रकारात त्यात लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते. दाता समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विजेची लाट उठते. फॅरेडेचा नियम, बारावीच्या पुस्तकातला. समजा चकतीला ४८ दाते आहेत आणि चाकाचा घेर दोन मीटर आहे. ताशी साठाने जाताना चाक सेकंदाला आठाहून थोडे अधिक फेरे घेते, म्हणजे सेन्सर सेकंदाला सुमारे ४०० लाटा पाठवतो. वेग उतरला की लाटा विरळ होतात आणि दुबळ्याही होतात. अगदी चालण्याच्या वेगाला त्या वाचता येत नाहीत. नव्या गाड्यांतले सेन्सर वेगळ्या जातीचे असतात. त्यांना बाहेरून वीज पुरवावी लागते, पण चाक अगदी हळू फिरत असले तरी त्यांची नोंद स्पष्ट असते. त्यांच्या बाबतीत अनेकदा दातेरी चकतीच नसते; बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांचे बारीक पट्टे बसवलेले असतात.

नियंत्रक चारही चाकांची सतत तुलना करतो. गाडी काही एका क्षणात थांबू शकत नाही. त्यामुळे तीन चाके साठाने फिरत असताना चौथे अचानक तिसावर आले, तर ते घसरते आहे हे उघड आहे. नियंत्रक त्या चाकाकडे जाणारी झडप बंद करतो, म्हणजे पाय कितीही दाबला तरी तिथला दाब वाढत नाही. तरीही चाक मंदावत राहिले तर दुसरी झडप उघडून थोडे ब्रेक ऑइल बाहेर काढतो. चाक पुन्हा फिरू लागले की दाब परत देतो, आणि काढलेले ऑइल एक छोटा पंप मागे ढकलतो. धरणे, सोडणे, देणे हे चक्र सेकंदाला अनेकदा चालते. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते आणि बोनेटमधून खडखड ऐकू येते. ही थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे याची खूण. पण ठाऊक नसलेला माणूस दचकून पाय उचलतो आणि नको त्या क्षणी ब्रेक सोडतो.

म्हणून एबीएस असलेल्या गाडीत जुनी दाबा-सोडाची सवय विसरावी लागते. ब्रेक पूर्ण दाबायचा, दाबून धरायचा आणि जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग वळवायचे.

दिव्याचे चार प्रकार

एबीएस वर्षातून दोन-चारदाच कामाला येते. एरवी ती गप्प असते, त्यामुळे ती जिवंत आहे की मेलेली, हे गाडी चालवताना कळत नाही. आमच्या गाडीचे ब्रेक आठ महिने उत्तम लागत होते. म्हणून नियंत्रक स्वतःची तपासणी स्वतःच करतो आणि निकाल त्या पिवळ्या दिव्यातून सांगतो. वर्तुळ, त्याच्या दोन्ही अंगांना कंस आणि आत एबीएस ही अक्षरे, असे त्याचे चिन्ह असते.

पहिला प्रकार निरोगी. चावी फिरवली की दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. लागतो याचा अर्थ दिवा शाबूत आहे. विझतो याचा अर्थ नियंत्रकाने वायरी, झडपा तपासल्या आणि दोष सापडला नाही. गाडी निघाल्यावर कमी वेगात अनेक गाड्यांत पंप क्षणभर फिरवून पाहिला जातो. तेव्हा बारीक 'घुर्र' असा आवाज येतो. मोटारसायकलीची रीत वेगळी. बहुतेक मोटारसायकलींचा दिवा उभ्या गाडीत विझत नाही. गाडी ताशी पाच-दहा किलोमीटरच्या पुढे गेली, चाके फिरताना दिसली, की तो विझतो. नवी गाडी घेतलेले अनेक जण हा बिघाड समजून परत शोरूम गाठतात. तसेच दुचाकी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक जोरात फिरवले, तर मागचे धावते आणि पुढचे उभे, हे कोडे नियंत्रकाला पडते आणि तो दिवा लावतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली आणि चालवली की तो सहसा विझतो.

दुसरा प्रकार, पिवळा दिवा लागून राहणे किंवा धावताना मध्येच लागणे. अर्थ असा: एबीएसने दोष पाहून स्वतःला बाजूला केले आहे. साधे ब्रेक पूर्वीसारखेच लागतील, पण जोरात दाबले तर चाके जाम होतील. घाबरून रस्त्यात उभे राहण्याचे कारण नाही. वेग कमी ठेवावा, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट करावे, पावसात विशेष जपावे आणि लवकरात लवकर गाडी दाखवावी. जुन्या ड्रायव्हरांची दाबा-सोडाची युक्ती इथे पुन्हा उपयोगी पडते. गाडीला ईएसपी, म्हणजे घसरताना सावरणारी यंत्रणा असेल, तर तीही याच सेन्सरांवर अवलंबून असल्याने तिचा दिवासुद्धा जोडीला लागतो.

तिसरा प्रकार, पिवळ्याबरोबर लाल. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो, म्हणून आधी तो पाहावा. हँडब्रेक सोडलेला असूनही लाल पेटला, तर ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असू शकते, म्हणजे कुठेतरी गळती किंवा लायनर-पॅड फार झिजलेले. दोन्ही दिवे एकत्र पेटले, तर पुढच्या आणि मागच्या चाकांत दाब वाटणारी ईबीडी ही व्यवस्थाही बंद पडली असण्याची शक्यता असते. मग जोरात ब्रेक दाबल्यास मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. पेडल खोल जात असेल किंवा मऊ लागत असेल तर गाडी पुढे नेऊच नये. अशा वेळी टो करण्याचा खर्च मोठा वाटतो, पण तो करावा.

चौथा प्रकार आमचा. चावी फिरवल्यावर दिवा न लागणे. तिन्हींमध्ये हाच सर्वांत वाईट, कारण तो निरोगी गाडीसारखा दिसतो. कधी दिवा खरेच गेलेला असतो. कधी त्यावर पट्टी असते. काही जण अधिक हुशारी करून त्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडतात, म्हणजे इंजिन सुरू होताच दोन्ही एकदम विझतात. जुनी गाडी घेताना म्हणूनच घाई करू नये. चावी फिरवून थांबावे, दिवे मोजावेत. एबीएसचा दिवा इतरांबरोबर अगदी त्याच क्षणी विझतो आहे का, हेही पाहावे. बहुतेक गाड्यांत दिवे आपापल्या वेळेने मागेपुढे विझतात. शंका आली तर एबीएस वाचणारा स्कॅनर जोडून घ्यावा. पट्टी दिवा झाकते, नियंत्रकाची स्मृती झाकू शकत नाही.

बिघाड बहुधा स्वस्त असतो

दिवा झाकणाऱ्याने तो का झाकला असेल? एबीएस म्हटले की हजारोंचा खर्च, ही भीती. झडपांचा ठोकळा किंवा नियंत्रक गेला तर खर्च खरेच मोठा असतो. पण मेस्त्रींच्या गॅरेजात मी पाहिले त्यात बहुतेक दोष चाकापाशीच निघाले. त्यात नवल नाही, कारण नियंत्रक बोनेटखाली आडोशाला असतो, आणि सेन्सर चिखल, पाणी, हादरे यांच्यात.

सेन्सरच्या टोकाशी चुंबक असल्याने ब्रेकच्या झिजेतली लोखंडी भुकटी त्याला चिकटते. दातेरी चकतीखाली गंज धरला की ती फुगते, सेन्सरला घासते किंवा तडकते. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे विशेष. चकतीला तडा गेला तर एक विचित्र लक्षण दिसते: सिग्नलपाशी गाडी अगदी हळू थांबत असताना, कारण नसताना पेडल थरथरते. तड्याच्या जागी एक दाता चुकतो आणि नियंत्रकाला वाटते, चाक घसरले. वायर चाकाबरोबर वरखाली आणि डावी-उजवीकडे वाकत असल्याने आतून तुटते. बाहेरचे रबर शाबूत दिसते. आमची तशीच होती. पावसाळ्यात उंदीर ती कुरतडतात. बेअरिंग बदलताना चुंबकी पट्ट्यांची बाजू उलटी बसवली तरी सेन्सर आंधळा होतो. चारपैकी एक टायर वेगळ्या मापाचा घातला, बॅटरी कमजोर झाली किंवा फ्यूज गेला, तरी दिवा लागतो.

यातला कोणता दोष, हे ओळखायला स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतात. चेसिसच्या, म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनच्या दोषांचे क्रमांक 'सी'ने सुरू होतात. उदाहरणार्थ, सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचे मंडल. 'मंडल' हा शब्द महत्त्वाचा आहे. क्रमांक जागा सांगतो, दोषी सांगत नाही. दोष सेन्सरचा असेल, वायरचा असेल, चकतीचा असेल किंवा जोडणीत गेलेल्या पाण्याचाही. क्रमांक पाहून लगेच नवा सेन्सर घालणारा मेस्त्री आणि आधी चाक खोलून पुसून पाहणारा मेस्त्री, यांतला दुसरा आपला. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनाचे दोष वाचतात. त्यांनी 'काही नाही' म्हटले म्हणून एबीएस ठीक आहे असे होत नाही. आमच्या गाडीत वायर आणि सेन्सर मिळून जो खर्च आला, तो पत्नीच्या मनगटाच्या क्ष-किरणांच्या आणि प्लास्टरच्या बिलापेक्षा कमी होता.

पिवळा दिवा जे सांगत नाही, तेही लक्षात ठेवावे. लायनर झिजले, घाटात ब्रेक तापले, ब्रेक ऑइल जुने झाले, हे त्याचे विषय नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर ब्रेक दाबत राहिले आणि आतले जुने ऑइल उकळले, तर वाफेमुळे पेडल खाली जाते. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

विश्वासाचे माप

एबीएस असले म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते, हा समज अर्धाच खरा आहे. ओल्या डांबरावर ते बहुधा खरे ठरते. पण खडी, वाळू, सैल माती यांवर जाम झालेले चाक स्वतःपुढे मातीचा ढीग रचते आणि त्यात रुतून लवकर थांबते. तिथे एबीएसमुळे अंतर वाढते. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये अनेक वर्षांची आकडेवारी तपासली, तेव्हा एबीएसमुळे मोटारींचे एकूण अपघात सुमारे ६ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. प्राणघातक अपघातांवर मात्र एकंदर परिणाम जवळजवळ शून्य होता. दुचाकीची गोष्ट निराळी. पुढचे चाक जाम झाले की दुचाकीस्वार पडतोच. त्यामुळे अमेरिकेत वेगवेगळ्या वेळी झालेल्या विश्लेषणांत एबीएस असलेल्या मोटारसायकलींचे प्राणघातक अपघात साधारण एक पंचमांश ते एक तृतीयांश कमी आढळले आहेत.

मोटारींच्या बाबतीत असे का व्हावे? त्याचे एक उत्तर म्यूनिकमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या एका प्रयोगात मिळते. एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होते, काहींना नव्हते. अपघातांच्या संख्येत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. एबीएस असलेले चालक अधिक बेदरकारपणे, पुढच्या गाडीला चिकटून चालवताना आढळले. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्च केली.

हे वाचताना मी आमच्या घाटातल्या वेगाचा विचार केला. गाडीला एबीएस आहे हे मला ठाऊक होते. ते नसते, तर त्या ओल्या वळणावर मी चाळीसने गेलो असतो का? प्रामाणिक उत्तर, नसतो गेलो. तीसने गेलो असतो. जी यंत्रणा बंद होती, तिच्या भरवशावर मी दहा किलोमीटर जास्त वेग घेतला होता. दिवा झाकणाऱ्याने माझी एक यंत्रणा काढून घेतली आणि ती असल्याचा भरवसा मात्र माझ्यापाशी तसाच ठेवला.

पत्नीचे मनगट आता बरे आहे. थंडीत थोडे दुखते. गाडी आम्ही ठेवली. सकाळी चावी फिरवल्यावर ती शेजारी बसून मोठ्याने मोजते: ऑइल, बॅटरी, इंजिन, हँडब्रेक, एबीएस. पाचही लागले आणि एबीएसचा विझला, की म्हणते, "चला." तोवर मी गिअर टाकत नाही.